डोंगर जागेवरच होता

१५ मार्च २०१२ च्या दुपारी नॉर्वेच्या हवाई दलाचे सी-१३०जे सुपर हर्क्युलिस जातीचे मालवाहू विमान त्या देशाच्या उत्तर भागातल्या एव्हनेस विमानतळावरून उडाले. ‘कोल्ड रिस्पॉन्स’ हा बहुराष्ट्रीय लष्करी सराव तेव्हा भरात होता. कडाक्याच्या थंडीत लढण्याची तालीम करायला सुमारे सोळा हजार सैनिक तिथे जमले होते. विमानाला सीमा ओलांडून स्वीडनमधल्या किरुना विमानतळावर जायचे होते. पश्चिमेचा वारा सोसाट्याने वाहत होता आणि डोंगर ढगांत बुडाले होते. विमानात पाच अधिकारी होते. एव्हनेसच्या दक्षिणेला तासभर घिरट्या घातल्यावर विमानाने किरुनाची वाट धरली. स्वीडनच्या नियंत्रकांनी त्याला आधी १० हजार फुटांच्या पातळीवर उतरण्याची परवानगी दिली, मग किरुनाच्या मनोऱ्याने ७ हजार फुटांच्या पातळीची. दोन वाजून सत्तावन्न मिनिटांनी विमान त्या पातळीवर सरळ झाले आणि अर्ध्या मिनिटात केब्नेकाइसे या स्वीडनमधल्या सर्वांत उंच पर्वताच्या पश्चिम अंगावर, त्याच्या दोन शिखरांच्या दरम्यान आदळले. तेव्हा वेग ताशी सुमारे ५२० किलोमीटर होता. पाचांपैकी कोणी वाचले नाही. किरुना अजून ७७ किलोमीटर दूर होते.

अशी बातमी छापून येते तेव्हा तिचा शेवट बहुधा दोन शब्दांवर होतो : खराब हवामान. काही महिन्यांनी त्यात आणखी दोन शब्दांची भर पडते : मानवी चूक. माझे म्हणणे असे की हे चारही शब्द खरे असले, तरी तिथेच चौकशी थांबवणे हा गेलेल्यांवर अन्याय आहे आणि उद्या उडणाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे. हवामान डोंगर झाकते. विमान डोंगराच्या उंचीवर आणून सोडत नाही. ते तिथवर कसे आले, याचा शेवटच्या पायरीपर्यंत माग काढायचा आणि तो लोकांपुढे ठेवायचा, हे लष्करी सेवांचेही कर्तव्य आहे. याच्या उलट मत असलेली माणसे आहेत. त्यांचे मत हलके नाही. त्यामागे गणवेशातल्या पिढ्यांचा अनुभव आहे. आपल्या शास्त्रग्रंथांची रीत अशी की आधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडायचा आणि मग उत्तराला हात घालायचा. तीच रीत इथे धरली आहे. उत्तरपक्ष माझा आहे.

पूर्वपक्ष : युद्ध पंचांग पाहून होत नाही. शत्रू धुक्यात येतो, रात्री येतो, बर्फात येतो. सियाचीनच्या चौकीवर रसद टाकणाऱ्या वैमानिकाला दर वेळी निरभ्र आकाश मिळत नाही, आणि पुराने वेढलेल्या गावातली माणसे छपरावरून उचलायची असतात तेव्हा पाऊस थांबलेला नसतो. ज्याने खराब हवेत उडण्याचा सराव केलेला नाही, त्याला प्रत्यक्ष प्रसंगात त्या हवेत पाठवणे म्हणजे जाणूनबुजून बळी देणे. म्हणून सराव कठीणच हवा, आणि कठीण सरावात कधीतरी माणसे जातात. हे दुःखद आहे, पण देशाच्या संरक्षणाची ती किंमत आहे. प्रत्येक अपघातानंतर तुम्ही प्रश्नांची सरबत्ती केलीत तर अधिकारी धास्तावतील, ढग दिसले की उड्डाणे रद्द करतील, आणि तुमच्या हाती उरेल फक्त चांगल्या हवेत लढणारे हवाई दल.

उत्तरपक्ष : सराव खराब हवेत झाला पाहिजे, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातूनच माझा पहिला मुद्दा निघतो. जोखीम पत्करणे म्हणजे ती ओळखून, मोजून, तिच्यासाठी तयारी करून पुढे जाणे. केब्नेकाइसेवर असे काहीच घडले नाही. विमानातल्या नोंदयंत्राने टिपलेल्या माहितीवरून स्वीडनच्या अपघात अन्वेषण संस्थेने निष्कर्ष काढला की अखेरच्या क्षणापर्यंत विमान सरळ, समतल उडत होते आणि पुढे काय आहे याची आतल्या कोणालाही कल्पना नव्हती. विमान दोन वर्षांपूर्वीच हवाई दलात आलेले होते. ढगातून उपकरणांच्या आधारे उडणे हे या विमानाचे आणि असल्या वैमानिकांचे रोजचे काम. म्हणजे कठीण सरावातली कुठलीही कठीण गोष्ट त्या अर्ध्या मिनिटात चालू नव्हती. कोणी खोल दरीतून खालून उडण्याचा प्रयोग करत नव्हते, कोणी वाऱ्याशी झुंजत नव्हते. दिलेल्या उंचीवर, दिलेल्या दिशेने, शिस्तीने विमान चालले होते. चुकीची होती ती उंचीच. जी जोखीम कोणी पत्करलीच नव्हती, तिला संरक्षणाची किंमत म्हणता येत नाही. किंमत मोजली की बदल्यात काहीतरी हाती येते. या पाच मृत्यूंनी सरावाला काय दिले? त्यांच्यामुळे एकही सैनिक थंडीतल्या युद्धासाठी अधिक तयार झाला नाही. त्यांच्यातून काही मिळू शकत असेल तर ते एकच : ही उंची चुकली कशी, याचे पुरते उत्तर.

पूर्वपक्ष : ते उत्तर सरळ आहे, आणि तुम्हाला ते आवडत नाही म्हणून तुम्ही पुढे शोधत राहता. विमानाचा प्रमुख तो विमानाला जबाबदार. त्या मार्गावर किमान सुरक्षित उंची किती, हे उड्डाणाआधी नकाशात पाहणे त्याचे काम. नियंत्रक जमिनीवर बसलेला असतो. डोंगर त्याच्या खिडकीतून दिसत नाही. त्याने ७ हजार म्हटले तरी वैमानिकाने ‘इतक्या खाली येणार नाही’ असे सांगायला हवे होते. केब्नेकाइसे काही छुपा खडक नाही, देशातला सर्वांत उंच पर्वत आहे, शाळेतल्या नकाशातही असतो. आणि हे मी एकटा म्हणत नाही. तुम्ही ज्या स्वीडिश अहवालाचा आधार घेता, त्यानेही कारण म्हणून पहिले बोट विमानातल्या मंडळींकडेच दाखवले आहे.

उत्तरपक्ष : दाखवले आहे, आणि ते मी लपवणार नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये आलेल्या अहवालातल्या कारणमीमांसेचे पहिले वाक्य असेच आहे : नियंत्रकांच्या परवानग्यांमधली उणीव आणि त्या पाळण्यातला धोका विमानातल्यांच्या लक्षात आला नाही, त्यामुळे विमान नियंत्रित हवाई क्षेत्राबाहेर गेले आणि भोवतालच्या भूभागापेक्षा कमी उंचीवर उडवले गेले. पण याच वाक्यात दुसरा पक्षही हजर आहे, तो पाहा. ‘परवानग्यांमधली उणीव’ ही वैमानिकाची चूक नव्हे, ती त्याच्या हाती आलेली चूक आहे. त्या ठिकाणी नियंत्रित हवाई क्षेत्राची खालची हद्द साडेबारा हजार फुटांच्या पातळीवर होती. तिच्याखाली नियंत्रकाची हमी संपते. म्हणजे १० हजारांची पहिली परवानगी दिली गेली तेव्हाच विमान हमीच्या छत्राबाहेर निघाले होते, आणि ‘आता तुम्ही नियंत्रित क्षेत्र सोडत आहात’ असे त्याला कोणी सांगितले नाही. उपकरणांच्या आधारे उडणारा वैमानिक नियंत्रकाकडून आकडा ऐकतो, तेव्हा त्याच्या मनात त्या आकड्याबरोबर एक आश्वासनही येते. हे आश्वासन त्याने तपासायला हवे होते, हे खरेच. पण तपासण्याची सवय ही माणूस जन्मताना घेऊन येत नाही. संस्था ती शिकवते, कार्यपद्धतीत घालते, दर उड्डाणाला वदवून घेते. म्हणून अहवाल पहिल्या वाक्यावर थांबला नाही. हा अपघात घडणे शक्य कशामुळे झाले, असा वेगळा प्रश्न त्याने विचारला आणि दोन संस्थांची नावे घेतली. मार्गावरच्या किमान सुरक्षित पातळीखाली विमान जाऊ नये, अशी पुरेशी सुरक्षित कार्यपद्धती वैमानिकांकडे आहे याची खात्री नॉर्वेच्या हवाई दलाने केलेली नव्हती. आणि वैमानिकाने स्वतः वेगळे मागितल्याशिवाय परवानगी नियंत्रित क्षेत्रातलीच द्यायची, तसेच आवश्यक माहिती त्याला पुरवायची, याची पुरेशी व्यवस्था स्वीडनच्या हवाई वाहतूक सेवेकडे नव्हती. पश्चिमेकडून किरुनाला येणारी विमाने हाताळण्याचा अनुभव आणि प्रशिक्षण तिथल्या नियंत्रकांना पुरेसे मिळालेले नव्हते, हेही नोंदले गेले.

कौलारू घराचे छप्पर आठवा. एक कौल फुटले म्हणून घर गळत नाही, कारण त्याच्याखाली दुसऱ्या कौलाची कड आलेली असते. पाणी थेट घरात पडते ते वरखालची कौले एकाच जागी फुटली तर. केब्नेकाइसेवर किती कौले फुटली होती, ते मोजा. पहिला नियंत्रण कक्ष, किरुनाचा मनोरा, वैमानिकांची तपासणी, आणि चौथे कौल यंत्राचे. या विमानात जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा होती. पण तिच्यासाठी भरलेल्या नकाशात ६० अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडच्या भूभागाची माहितीच नव्हती, आणि केब्नेकाइसे जवळजवळ ६८ अंशांवर आहे. यंत्रणेची मांडणीही अशी होती की त्या परिस्थितीत इशारा वाजण्याच्या अटी पूर्ण झाल्या नाहीत. ज्या देशाचा बहुतेक भाग ६० अंशांच्या उत्तरेला आहे, त्या देशाच्या हवाई दलाचे विमान आपल्याच भूमीविषयी आंधळे होऊन उडत होते. हे कौल वैमानिकाने फोडले का? आता असे समजा की त्या दिवशी दुसरे पाच अधिकारी विमानात होते. तीच परवानगी, तोच मार्ग, तोच नकाशा. ते वाचलेच असते, असे तुम्ही छातीठोकपणे म्हणू शकता का? म्हणू शकत नसाल, तर दोष त्या पाच माणसांबरोबर मेलेला नाही. तो मागे राहिला होता, पुढच्या विमानाची वाट पाहत.

पूर्वपक्ष : घडून गेल्यावर सगळेच दिसते. टेबलावर नकाशा पसरून, वर्षभर वेळ घेऊन, कोणीही सांगेल की कौल इथे फुटले होते. पण हवाई दलात हजारो नियम आहेत, शेकडो यंत्रणा आहेत. यातले नेमके कुठले भोक उद्या जीवघेणे ठरणार, हे आधी कोणाला कळणार? तुम्ही मागून येणारे शहाणपण पुढच्यांच्या माथी मारता आहात.

उत्तरपक्ष : हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण पुराव्यापुढे टिकत नाही. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत टीडब्ल्यूए कंपनीचे ५१४ क्रमांकाचे प्रवासी विमान खराब हवेत वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत असताना व्हर्जिनियातल्या माउंट वेदर या डोंगरावर आदळले. ९२ जण गेले. तिथेही नियंत्रकाने उतरण्याच्या मार्गाला परवानगी दिली होती, आणि परवानगी मिळाली म्हणजे १,८०० फुटांपर्यंत खाली यायला हरकत नाही, असा अर्थ वैमानिकांनी घेतला होता. नियंत्रकाच्या मनात तो अर्थ नव्हता. केब्नेकाइसेच्या ३७ वर्षे आधीची ही तीच गोष्ट आहे. आता पुढचे ऐका. या अपघाताच्या सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या एका विमान कंपनीचे विमान याच मार्गावर, याच गैरसमजाने, याच डोंगराला घासूनच गेल्यासारखे वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोचले नाही. भोक आधी दिसले होते, ज्याला दिसले त्याने सांगितलेही होते, पण सांगितलेले एका घराच्या भिंतीबाहेर गेले नाही. ९२ माणसे त्या भिंतीपायी गेली. यातून अमेरिकेने दोन गोष्टी केल्या. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र मोठ्या प्रवासी विमानांत सक्तीचे केले. आणि १९७६ मध्ये, वैमानिक आणि नियंत्रकांनी आपापल्या चुका व थोडक्यात टळलेले प्रसंग निर्धास्तपणे कळवावेत म्हणून, ‘नासा’ या त्रयस्थ संस्थेकडे एक व्यवस्था सोपवली. शिक्षा करणारे खाते आणि ऐकणारे खाते वेगळे ठेवले, म्हणून लोक बोलू लागले. मागून येणारे शहाणपण पुढच्याच्या माथी मारू नये, असे तुम्ही म्हणता. मी म्हणतो, ते त्याच्या हाती वेळेत द्यावे, एवढ्यासाठीच ते मिळवायचे असते.

पूर्वपक्ष : ठीक आहे. पण सैन्य म्हणजे विमान कंपनी नव्हे. सैन्य शिस्तीवर चालते आणि शिस्त वैयक्तिक जबाबदारीवर. ‘व्यवस्थेचा दोष’ हे फार सोयीचे वाक्य आहे. व्यवस्थेला शिक्षा करता येत नाही, व्यवस्थेची बढती रोखता येत नाही. सगळे दोषी म्हणजे कोणीच दोषी नाही. उद्या प्रत्येक निष्काळजी अधिकारी कौलांचा हा दाखला पुढे करील आणि सुटेल.

उत्तरपक्ष : तसे होऊ शकते हे खरे, आणि जिथे चौकशी वरवरची असते तिथे तसे होतेही. पण नीट केलेल्या चौकशीत जबाबदारी विरघळत नाही, ती शिडी चढून वर जाते. ३ एप्रिल १९९६ रोजी अमेरिकी हवाई दलाचे एक विमान क्रोएशियातल्या डुब्रोव्निकला उतरताना पावसाळी ढगांत डोंगरावर आदळले आणि त्यात अमेरिकेचे वाणिज्यमंत्री रॉन ब्राउन यांच्यासह ३५ जण मृत्युमुखी पडले. तिथेही ‘हवामान खराब होते, वैमानिक मार्ग चुकला’ एवढे म्हणून फाइल मिटवता आली असती. हवाई दलाच्या चौकशीने तीन कारणे शेजारी शेजारी मांडली : वरिष्ठांच्या नेतृत्वातले अपयश, वैमानिकांची चूक, आणि त्या विमानतळावर उतरण्याचा सदोष आखलेला मार्ग. वैमानिकांना तिने सोडले नाही. पण असुरक्षित मार्ग तपासल्याशिवाय वापरू देणाऱ्या वरिष्ठांनाही सोडले नाही. त्यांच्यातल्या काहींना आपली पदे गमवावी लागली. सगळा दोष मृत वैमानिकावर टाकला की शिस्त वाढत नाही, उलट बिघडते, कारण ज्यांच्या हाती अजून अधिकार आहेत त्यांना बदलण्याचे कारणच उरत नाही. मेलेल्याला शिक्षा करता येत नाही आणि तो उलट बोलत नाही. म्हणूनच तो सर्वांत सोयीचा आरोपी असतो.

ही सोय किती महागात पडते, ते ब्रिटनने पाहिले आहे. २ जून १९९४ रोजी ब्रिटिश हवाई दलाचे चिनूक हेलिकॉप्टर स्कॉटलंडमधल्या मल ऑफ किन्टायर या भूशिरावर धुक्यात आदळले. २९ जण गेले. त्यांत उत्तर आयर्लंडमधले गुप्तवार्ता, पोलीस आणि लष्कराचे वरिष्ठ अधिकारी होते. हेलिकॉप्टरमध्ये ना संभाषण टिपणारे यंत्र होते, ना उड्डाणाची नोंद ठेवणारे. मृत वैमानिकांना निष्काळजी ठरवायचे तर कसलीही शंका उरता कामा नये, असा त्या हवाई दलाचाच नियम होता. तरी १९९५ मध्ये दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दोन्ही वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. कुटुंबीय लढत राहिले, संसदेच्या समित्यांनी प्रश्न उपस्थित केले. अखेर २०११ मध्ये स्वतंत्र फेरतपासणीने तो ठपका पुसला आणि संरक्षणमंत्र्यांनी माफी मागितली. १६ वर्षे दोन घरांनी निष्काळजी मुलांचे आईबाप म्हणून काढली. ‘वैमानिकाची चूक’ हा निकाल पुराव्याने येतो तेव्हा तो मान्य करायलाच हवा. पण पुरावा नसताना येतो तेव्हा ती पोकळी भरण्याची युक्ती असते.

पूर्वपक्ष : तुम्ही सगळी उदाहरणे परदेशातली देता. आपल्या सीमा वेगळ्या आहेत आणि आपले शेजारीही वेगळे. विमान कुठल्या कामावर होते, त्यात कुठली यंत्रणा होती, कुठल्या तळावर कशाची कमतरता होती, हे जगजाहीर केले तर शत्रूला आयतीच माहिती मिळेल. म्हणून आपल्याकडे कोर्ट ऑफ इन्क्वायरी होते, तिचा अहवाल खात्यात राहतो, सुधारणाही खात्यातच होतात. लोकांनी आपल्या हवाई दलावर विश्वास ठेवावा.

उत्तरपक्ष : विश्वास आहे, म्हणूनच ही मागणी आहे. ८ डिसेंबर २०२१ रोजी सुलूरहून वेलिंग्टनला निघालेले मी-१७ हेलिकॉप्टर कुन्नूरजवळ कोसळले. संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्यासह १४ जणांचा त्यात अंत झाला. ते सरावाचे उड्डाण नव्हते, पण प्रश्न तोच आहे. जानेवारी २०२२ मध्ये हवाई दलाने प्राथमिक निष्कर्ष जाहीर केले : यांत्रिक बिघाड, घातपात किंवा निष्काळजीपणा नव्हता, दरीतल्या हवामानात अचानक बदल झाल्याने हेलिकॉप्टर ढगात शिरले, वैमानिकाला दिशाभ्रम झाला आणि ते जमिनीवर आदळले. जवळजवळ तीन वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल आला. २०१७ ते २०२२ या काळात हवाई दलाच्या ३४ अपघातांची नोंद त्यात होती, आणि कुन्नूरच्या अपघातापुढे कारण लिहिले होते : मानवी चूक, विमान चालवणाऱ्यांची. हे दोन निष्कर्ष एकमेकांशी जुळवता येतात. निष्काळजीपणा नसतानाही चूक होऊ शकते. पण देशाच्या हाती काय आले? एक परिच्छेद आणि तक्त्यातले दोन शब्द. त्या घाटातल्या हवामानाची खबर वैमानिकाला कोणत्या वाटेने आणि किती जुनी मिळत होती? दृष्टीच्या आधारे उडताना अचानक ढगात शिरल्यास काय करायचे, याचा सराव किती आणि कधी झाला होता? परत फिरण्याचा निर्णय घेणे त्याला किती मोकळे होते, विशेषतः मागच्या आसनावर देशाचा सर्वोच्च सेनाधिकारी असताना? यातल्या एकाही उत्तराने शत्रूचे बळ वाढत नाही. वाढली तर आपल्याच पुढच्या वैमानिकाची आयुष्यरेषा वाढेल.

दिशाभ्रम हा शब्दही नीट समजून घ्यायला हवा, कारण तो कानांना वैमानिकाच्या कमकुवतपणासारखा वाटतो. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांगणारी नळ्यांची रचना असते. क्षितिज दिसत असले की डोळे तिच्या चुका सुधारतात. ढगात डोळ्यांचा आधार सुटला की ती बिनदिक्कत खोटे सांगू लागते, आणि विमान एका बाजूला कलत असताना माणसाला ते सरळ वाटते. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या २० जणांवर याचा प्रयोग झाला. बाहेरचे दिसेनासे केल्यावर त्या सगळ्यांचाच विमानावरचा ताबा सुटला, आणि त्याला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटेसुद्धा नाहीत. यावर शौर्याचा उतारा चालत नाही. चालतो तो प्रशिक्षणाचा, पुन्हा पुन्हा केलेल्या सरावाचा, चांगल्या उपकरणांचा आणि वेळेत मिळालेल्या हवामानाच्या खबरीचा. आणि या चारही गोष्टी वैमानिकाच्या खिशात नसतात, संस्थेच्या हातात असतात. ‘मानवी चूक’ असे लिहून थांबणारा तक्ता नेमके याच चार गोष्टींवर पांघरूण घालतो. २००१ मध्ये राजस्थानातल्या सुरतगडहून रात्री उडालेले मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले, तेव्हा मुलाच्या माथी आलेला दोष त्यांच्या आईवडिलांनी मुकाट्याने स्वीकारला नाही आणि विमानाच्या सुरक्षिततेचा प्रश्न जाहीरपणे लावून धरला, हे मराठी वाचकांना आठवत असेल. असा लढा आईबापांना का द्यावा लागावा?

गोपनीयतेविषयी शेवटचे. केब्नेकाइसेचा तपास स्वीडनच्या ज्या संस्थेने केला ती नागरी आणि स्वतंत्र आहे, आणि लष्करी विमानांचे अपघातही तीच तपासते. तिने नॉर्वेच्या हवाई दलाचा आणि आपल्याच देशाच्या हवाई सेवेचा दोष एकाच पानावर छापला. डुब्रोव्निकचा अहवाल अमेरिकेच्या हवाई दलाने स्वतः लोकांपुढे ठेवला. ब्रिटनने २०१० मध्ये लष्करी उड्डाणांच्या सुरक्षेसाठी वेगळे नियामक प्राधिकरण उभे केले. या देशांनाही शत्रू आहेत आणि गुपितेही आहेत. त्यांनी गुपिते काळ्या पट्टीखाली झाकली आणि बाकीचे उघडे ठेवले. डोंगराची उंची, परवानगीतले शब्द, प्रशिक्षणाचे तास आणि नकाशातली उणीव ही गुपिते नसतात. आपल्याकडे नागरी विमानांच्या अपघातांचे अहवाल प्रसिद्ध होतात. मग लष्करी गणवेश चढवला म्हणून एखाद्या वैमानिकाच्या मृत्यूचे कारण जाणून घेण्याचा देशाचा हक्क कमी का व्हावा?

पूर्वपक्ष : तुमच्या मागणीत मला अजून एक भीती दिसते. कुटुंबीयांच्या मनात वीरमरणाची जी प्रतिमा असते, तिच्यावर तुमचे अहवाल चुका, उणिवा आणि तांत्रिक आकड्यांचा ढीग रचतील. काही वेळा मौनच दयाळू असते.

उत्तरपक्ष : या भीतीमागचा जिव्हाळा मला कळतो. पण मौन दयाळू असते ते ज्याच्या वाट्याला ते येते त्याने निवडले असेल तर. मल ऑफ किन्टायरच्या कुटुंबांनी मौन निवडले नव्हते, गाडगीळ कुटुंबानेही नव्हते. ज्या सैनिकाने देशासाठी जीव धोक्यात घालण्याची शपथ घेतली, त्याच्या मृत्यूमागचे सत्य त्याच्या सन्मानाला डाग लावील असे समजणे, हाच त्याचा खरा अवमान आहे. मानवंदना आणि तिरंगा हे देशाचे ऋण आहे. कारण शोधणे आणि ते सांगणे हेही तेवढेच ऋण आहे. पहिले आपण मनापासून फेडतो. दुसरे फाइलीत ठेवतो.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती कायद्याच्या चौकटीत बसते. लष्करी विमानाच्या प्रत्येक जीवघेण्या अपघाताची चौकशी, ज्या दलाचे विमान आहे त्याच्या आज्ञेबाहेरच्या संस्थेने करावी. तिचा अहवाल, खरोखर गोपनीय असलेला भाग वगळून, ठरलेल्या मुदतीत संसदेपुढे आणि लोकांपुढे यावा. त्यात ‘चूक कोणाची’ याच्या जोडीला ‘ती चूक अडली का नाही’ याचेही उत्तर असावे. आणि सुचवलेल्या सुधारणांपैकी किती झाल्या, याचा हिशेब दर वर्षी द्यावा. सुरुवात कुन्नूरच्या पूर्ण अहवालापासून करावी. त्या अपघातात गेलेल्या १४ जणांच्या घरांना आणि त्याच घाटावरून पुन्हा उडणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला तो वाचण्याचा हक्क आहे.